दुसऱ्या गावचा यजमान

अत्यवस्थ नवजात अर्भकास सिल्वासाहून सुरतेस किंवा मुंबईस हलविण्यापूर्वी आपण प्रथम दूरध्वनी करतो. खाट रिकामी आहे का? व्हेंटिलेटर मोकळा आहे का? ही चौकशी केल्यावाचून रुग्णवाहिका निघत नाही. रुग्णालयाच्या संगणकाबाबत मात्र आपण इतके दक्ष नसतो.

आज केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, बालकांच्या लसीकरणाच्या नोंदी हे सारे अनेक ठिकाणी एकाच सर्व्हरवर असते. त्या सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी संगणक नांदतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन, तर आश्रय देणाऱ्या सर्व्हरला होस्ट, म्हणजे यजमान म्हणतात. आभासी संगणक हा अखेर फायलींचा संच असल्याने त्याची प्रतिकृती दुसऱ्या गावच्या यजमानाकडे ठेवता येते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही प्रणालीत दर ३० सेकंदांनी, ५ किंवा १५ मिनिटांनी बदल पाठविण्याची सोय आहे. मूळ यजमान निकामी झाल्यास प्रतिकृती सुरू करावयाची. शेवटच्या पाठवणीनंतरची नोंद तेवढी गमवावी लागते.

या दुसऱ्या यजमानाची पात्रता कोणती? प्रथम स्मृती, म्हणजे रॅम. प्रतिकृती निद्रिस्त असताना केवळ डिस्कवर जागा व्यापते. जागी होताच तिला पूर्ण रॅम लागते. म्हणून सर्व महत्त्वाची यंत्रे एकदम उठली तरी पुरेल एवढी रॅम राखीव हवी. डिस्कवर प्रतिकृतीखेरीज मागील काही टप्प्यांच्या नोंदींनाही जागा हवी. चालू यंत्र न थांबविता हलवायचे असेल तर दोन्हीकडे एकाच निर्मात्याचा प्रोसेसर लागतो. आपत्तीत यंत्र नव्याने सुरू होत असल्याने ही अट बरीच सैल होते. मात्र आभासीकरणाची प्रणाली मूळ यजमानापेक्षा जुनी नसावी. इंटरनेटची जोडणी दिवसभरातील बदल वेळेत पोहोचविण्याइतकी रुंद हवी. नव्या जागी यंत्राचा आयपी पत्ता काय राहील, हेही आधीच ठरवावे.

स्थळाची निवडही महत्त्वाची. वापी सोयीचे वाटते. परंतु मधुबन धरणाखाली सिल्वासा आणि वापी ही दोन्ही दमणगंगेच्याच खोऱ्यात आहेत. एकाच पुराने दोन्ही प्रती धोक्यात येऊ नयेत.

इतके करूनही सराव नसेल तर? २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, ते दुपारी ३.४५ पर्यंत. चेन्नईत पर्यायी केंद्र होते, तरी व्यवहार तेथे हलविले गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात सेबीने स्थलांतरासाठी ४५ मिनिटांची मर्यादा घातली. २ मार्च २०२४ रोजी, शनिवार असूनही, पर्यायी केंद्रावरून व्यवहार चालविण्याची चाचणी घेण्यात आली.

आणखी एक सावधगिरी. प्रतिकृती म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ यंत्रास जडलेला संसर्ग प्रतिकृतीतही उतरतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा अनेक दिवस कामकाज हाताने लिहून चालवावे लागले. म्हणून जाळ्यापासून अलग ठेवलेली एक प्रत असावीच.

मध्यरात्री आकडी आलेल्या बालकाचे वजन, पूर्वीची औषधे आणि ॲलर्जी पडद्यावर दिसणे हा उपचाराचाच भाग आहे. तेव्हा वर्षातून दोनदा तरी आपल्या संगणकतज्ज्ञास बसवून दुसरा यजमान प्रत्यक्ष चालवून पाहावा. बाळ पाठविण्यापूर्वीचा तो दूरध्वनी येथेही करावयाचा आहे.