चित्रपुराण (भाग ७) : डोंगरातल्या चिताऱ्याचा समुद्र

गेल्या आठवड्यात आपण राजा रविवर्म्याचा समुद्र पाहिला. खडकावर धनुष्य घेऊन उभा राहिलेला संतप्त राम, उसळलेल्या लाटा, त्यातून वर आलेला वरुण. तो समुद्र बघताक्षणी पटतो, कारण किनाऱ्यावर उभं राहून आपल्याला दिसतो तसाच तो रंगवलेला आहे. आजचा चितारी रविवर्म्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधीचा आणि राहणारा थेट हिमालयाच्या पायथ्याचा. कांगड्याजवळच्या गुलेर या छोट्याशा संस्थानातला माणकू.

माणकू हा पंडित सेऊचा थोरला मुलगा आणि प्रसिद्ध नैनसुखचा भाऊ. हे घराणं आपल्याला कळलं ते कलेतिहासकार बी. एन. गोस्वामींच्या चिकाटीमुळे. तीर्थक्षेत्रीच्या पंड्यांच्या वह्या चाळून त्यांनी या चिताऱ्यांची वंशावळ जुळवली आणि १९६८ साली मुंबईच्या ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकात ती मांडली. हरिद्वारच्या वहीत माणकूची १७३६ सालची नोंद आहे. त्याने समुद्र पाहिल्याचा मात्र कुठे पुरावा नाही, आणि चित्रं बघताना तो पाहिला नसावा असंच वाटतं.

तरीही १७२५च्या सुमारास त्याने लंकेच्या वेढ्याची चित्रमाला हाती घेतली. कागद चांगले दोन-अडीच फूट रुंद, सोनेरी तटबंदीची लंका, माकडं-अस्वलांची फौज. माला पुरी झालीच नाही, काही पानांवर नुसतं रेखाटन आहे. १७३०च्या गीतगोविंदात तर त्याने रंगांची चंगळ केली. सपाट, कडक पिवळे-लाल रंग, आणि दागिन्यातल्या पाचूच्या जागी भुंगेऱ्याच्या पंखांच्या हिरव्या कवचाचे बारीक तुकडे चिकटवलेले.

एवढी सगळी सामग्री हाताशी असलेला हा माणूस दहा वर्षांनी, १७४०च्या आसपास, भागवताची चित्रं करताना ‘हिरण्यगर्भ’ रंगवतो आणि जवळजवळ सगळं बाजूला ठेवतो. प्रलयाच्या पाण्यावर, ज्यातून पुढे सृष्टी जन्मायची, ते एक सोन्याचं अंडं तरंगतंय, बस्स. माणूस नाही, देव नाही, मासासुद्धा नाही. पाणी निळं नाही, करडं, राखी. लाट म्हणावी अशी एकही नाही. आहेत ते भोवरे: रेघेच्या आत रेघ, वळशात वळसा, लाकूड कापल्यावर आत दिसतात तशी वर्तुळं. हे घराणं जातीने तरखाण, म्हणजे सुताराचं. सुताराच्या घरात वाढलेल्या डोळ्यांनी पाण्याला लाकडाचे पदर दिले असतील का? माझा आपला तर्क.

क्षितिज या चित्रात नाही. कागद संपतो तिथेच पाणी संपतं. ही कच्ची नजर आहे असं कुणी म्हणेल. मला तो कथेचा नेमका अर्थ वाटतो. भागवताप्रमाणे हे अंडं हजारो वर्षं पाण्यात नुसतं पडून होतं. आभाळ अजून व्हायचंच होतं, किनारा कुठून येणार? आणि किनारा नाही तर तिथे उभं राहून बघणार कोण? रविवर्म्याची रीत इथे लागूच पडत नाही.

सोन्याचं काम चिकाटीचं. वर्ख डिंकात खलायचा, कुंचल्याने लावायचा, वाळला की अकीकाने घोटायचा. घोटलेलं सोनं प्रकाश पडेल तसं उजळतं नि मंदावतं. छापील प्रतीत ते नुसतं पिवळं दिसतं. म्हणून पुस्तकातलं किंवा मोबाईलवरचं चित्र बघून माणकूविषयी मत बनवू नका.

मूळ चित्र वाराणसीच्या भारत कला भवनात आहे. तिकडे जाणं होत नसेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पहाडी, म्हणजे माणकूसारख्या हिमालयाच्या पायथ्याच्या चिताऱ्यांची, चित्रं आहेत, कार्ल खंडालावालांसारख्या जाणकाराने जमवलेल्या संग्रहासह. जाताना भिंग न्या आणि माणसांकडे नंतर बघा, आधी पाणी बघा. पुढच्या आठवड्यात धाकटा भाऊ, नैनसुख.