लकव्यानंतर आईला काम करू द्या

लकवा मारल्यापासून आईला पाण्याचा पेलाही उचलू देत नाही, असे मुले आम्हाला कौतुकाने सांगतात. माया खरी, पण नुकसान इथेच होते. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. मात्र उरलेला भाग सरावाने त्याचे बरेचसे काम शिकतो. हा सराव घरातच आहे : लुळ्या हाताने शेंगा सोलणे, तांब्या धरणे, पीठ मळणे. पहिले ३ ते ६ महिने सर्वांत मोलाचे. सुधारणा पुढेही होते. नांदेड, लातूरच्या शासकीय रुग्णालयात फिजिओथेरपीला नियमित या, बीपीच्या गोळ्या सोडू नका. सुमारे तिघांपैकी एका रुग्णाला नैराश्य गाठते. घरात आपले काम उरले आहे, ही जाणीव तेव्हा आधार देते. तोल जाईल म्हणून जवळ उभे राहा. पण भाकरी तिलाच थापू द्या, वाकडी झाली तरी.