भिंतीपासून पाच मीटरवर

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. मुंबईत महापालिका कायद्याचं कलम ३५३-ब आहेच. तिशी ओलांडलेल्या इमारतीला नोंदणीकृत इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. कागदावर सगळं चोख आहे. पण सातव्या मजल्याच्या छज्ज्याची खालची बाजू पाहायची कोणी आणि कशी, इथे गाडी अडते. परांची बांधायची तर तिचाच खर्च ऐकून सभेत ‘दुरुस्ती निघेल तेव्हा बघू’ असं ठरतं. मग इंजिनिअर रस्त्यावरून दुर्बीण लावतो, गच्चीच्या कठड्यावरून वाकतो, दोन-चार फ्लॅटच्या खिडक्यांतून मोबाइल बाहेर काढून फोटो घेतो, आणि उरलेली भिंत अनुभवाच्या जोरावर पुरी करतो.

अलीकडे ऑडिटच्या कोटेशनमध्ये ‘ड्रोन आणि एआय सर्व्हे’ अशी ओळ येऊ लागली आहे, ती नेमकी या उरलेल्या भिंतीसाठी. ओळ चांगली आहे. फक्त तिच्यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे पैसे मोजण्याआधी समजून घ्यायला हवं.

काम सहसा सकाळी लवकर सुरू होतं, वारा कमी असतो तेव्हा. आदल्या दिवशी बोर्डावर सूचना लागते: पडदे ओढून घ्या, दांडीवरचे कपडे काढा. एक जण रिमोटवर असतो. दुसऱ्याचं काम नुसतं वर बघत राहणं, कारण घारी आणि कावळे ड्रोनवर झेप घेतात. ड्रोन भिंतीला समांतर उभे पट्टे घेतो, म्हणजे वर जातो, थोडा बाजूला सरकतो आणि खाली येतो. प्रत्येक फोटोचा ७०-८० टक्के भाग शेजारच्या फोटोत पुन्हा येईल अशा बेताने. त्या जोरावर सॉफ्टवेअर शेकडो फोटो जुळवून अख्ख्या भिंतीचं एक चित्र आणि इमारतीचं त्रिमितीय मॉडेल तयार करतं. मग ‘बी विंग, पश्चिमेची भिंत, पाचवा मजला, किचनच्या खिडकीखाली’ असं बोट ठेवून दाखवता येतं.

आता थोडं गणित, कारण सगळी गोम तिथेच आहे. एक इंची सेन्सर आणि २० मेगापिक्सेल असलेला ड्रोन कॅमेरा भिंतीपासून ५ मीटरवर असेल, तर एका पिक्सेलमध्ये साधारण १.४ मिलिमीटर भिंत मावते. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात तड्याची रुंदी सर्वसाधारणपणे ०.३ मिलिमीटरच्या आत असावी असं धरलंय. म्हणजे इंजिनिअरला ज्या तड्याची काळजी वाटायला सुरुवात होते, तो या फोटोत एका पिक्सेलच्या पाव भागाएवढा. ड्रोन ३ मीटरवर आणला तरी पिक्सेल ०.८ मिलिमीटरचा. जवळ जावं तर बॉक्स ग्रिल, एसीचे युनिट, केबलच्या वायरी. मोठा सेन्सर किंवा लांब भिंगाचा कॅमेरा असेल तर चित्र बरंच पालटतं. पण कोटेशनमध्ये ‘हाय रेझोल्यूशन’ एवढंच लिहिलेलं असतं.

फोटोंच्या ढिगातून तडे शोधायचं काम एआय करतो. त्याला आधी हजारो नमुने दाखवून शिकवलेलं असतं. अमेरिकेतल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीने अशा शिकवणीसाठी २०१८ साली ५६ हजारांहून अधिक छायाचित्रांचा संच खुला केला. पुलांचे स्लॅब, भिंती आणि फरसबंदी यांच्या त्या काँक्रीटमध्ये ०.०६ मिलिमीटरपासून २५ मिलिमीटरपर्यंतचे तडे आहेत. आपल्याकडच्या भिंती मात्र उघड्या काँक्रीटच्या नसतात. वर सँडफेस प्लास्टर, त्यावर रंगाचे थर, पावसाळ्यानंतर शेवाळाचे काळे ओघळ, पाइपामागून डोकावणारं पिंपळाचं रोप. परक्या नमुन्यांवर शिकलेलं सॉफ्टवेअर लोंबणाऱ्या वायरीला किंवा तिच्या सावलीला बिनदिक्कत तडा म्हणून मोकळं होतं. हे चालून जातं, कारण माणूस ते पुसून टाकतो. सॉफ्टवेअरने ज्यावर खूणच केली नाही, तो तडा मात्र कोणी पुन्हा बघत नाही. थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच: ओल मुरलेला किंवा सुटलेला भाग तापमानातल्या फरकामुळे वेगळा उठून दिसतो, पण भिंतीवर ऊन यायला हवं आणि वाचणारा जाणकार हवा.

सगळ्यात मोठी अडचण मात्र कॅमेऱ्याची नाहीच. मुंबईच्या इमारतींचा घात बहुतेक वेळा बाहेरच्या भिंतीवर होत नाही. संडास-बाथरूमची गळती वर्षानुवर्षं स्लॅबमध्ये मुरते, समुद्राच्या हवेतले क्षार सळईपर्यंत पोचतात, सळई गंजून फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. डक्टमध्ये तर बघायलाच नको. चार-पाच फुटांच्या त्या बोळात सांडपाण्याचे पाइप असतात आणि जीपीएस गडबडतो. त्यासाठी पिंजऱ्यातले ड्रोन मिळतात, स्वित्झर्लंडची फ्लायॅबिलिटी कंपनी ते बनवते, पण ते मोठ्या कारखान्यांच्या बजेटातलं काम. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जण गेले. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. आदल्या दिवशी तिच्याभोवती जगातला उत्तम ड्रोन फिरवला असता, तरी तळमजल्यावरच्या दाराआडचा खांब त्याला दिसला नसता.

खांबाची तब्येत कळते ती हाताने. हातोडीने ठोकून बघायचं. सुटलेलं प्लास्टर पोकळ वाजतं. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक चाचणी, गरज पडली तर कोअर काढायचा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडलं की निरोगी भाग गडद गुलाबी होतो, आणि जिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कधर्म संपवलाय तिथे रंगच चढत नाही. रंग न चढलेला पट्टा सळईपर्यंत पोचला असेल, तर सळईचं संरक्षण गेलं. न्यूयॉर्कने हा मुद्दा नियमात बांधलाय. १९७९ साली तिथे एका कॉलेज विद्यार्थिनीचा इमारतीवरून निखळलेला तुकडा पडून मृत्यू झाला, आणि पुढच्याच वर्षी दर्शनी भिंतींच्या तपासणीचा कायदा आला. आज सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतींना दर ५ वर्षांनी तपासणी करावी लागते आणि रस्त्याकडच्या भिंतीवर जास्तीत जास्त ६० फुटांच्या अंतराने माणसाने प्रत्यक्ष जवळ जाऊन बघावं लागतं. ड्रोनचे फोटो जोडीला चालतात, त्याऐवजी नाही.

मग ड्रोनवर खर्च करावा का? माझ्या मते करावा, पण एकदाच करून थांबू नये. जुने इंजिनिअर तड्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून ठेवत. काही महिन्यांनी काच तडकली तर तडा ‘चालू’ आहे. किती रुंद यापेक्षा वाढतोय का, हा प्रश्न मोलाचा. तेच अंतर, तोच कोन ठेवून दर वर्षी पावसाळ्यानंतर फोटो घेतले, तर ही काचपट्टी अख्ख्या इमारतीला लागते, आणि दोन वर्षांचे फोटो एकावर एक ठेवून फरक दाखवण्यात सॉफ्टवेअरचा हात माणूस धरू शकत नाही. भाडेकरू-मालक वादात तर याला आणखी किंमत येईल. मालकाचा ऑडिटर इमारत ‘सी-१’, म्हणजे पाडण्याजोगी, ठरवतो. भाडेकरूंचा ऑडिटर दुरुस्तीने भागेल म्हणतो. प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. तिथे दोन्ही बाजूंच्या अहवालांत आपापल्या सोयीचे फोटो असतात. पाच वर्षांची एकच सलग नोंद दोघांपुढे असेल, तर निदान भांडण कशावरून हे तरी ठरेल.

परवानगीचा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येत नाही. अंधेरी, कुर्ला, वांद्रे, घाटकोपर त्यातच आले. शिवाय मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश अधूनमधून निघतच असतात. ‘ते आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराकडून परवानगीची प्रत आधी मागावी.

आणि करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. ड्रोन भिंतीपासून किती अंतरावर राहील आणि एक पिक्सेल किती मिलिमीटरचा असेल. खूण केलेल्या प्रत्येक जागी कोण हातोडी घेऊन जाणार. अहवालावर सही स्ट्रक्चरल इंजिनिअरची असेल, पायलटची नव्हे. शेवटची सगळ्यांत जास्त विसरली जाते: पीडीएफबरोबर मूळ फोटोही सोसायटीला मिळावेत, दोन प्रतींत, आणि त्यांतली एक ऑफिसच्या कपाटात राहावी. सेक्रेटरीच्या लॅपटॉपमध्ये नको. तो फ्लॅट विकून ठाण्याला गेला की पुढच्या वर्षी तुलना करायला हातात काही उरत नाही.