विद्यापीठाचा लिलाव : बोलीआधी यादी वाचा

विद्यापीठांच्या कचेऱ्यांत आणि प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे जुना माल साचत जातो. मोडकी बाके, गंजलेली कपाटे, जळालेले पंखे, बंद संगणक, बॅटऱ्या, नादुरुस्त उपकरणे. जागा अडू लागली की लिलाव निघतो. आपले चुडावा पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावर आहे. एका अंगाला परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२), तर दुसऱ्या अंगाला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४). भंगाराचा व्यापारी, सुतार, लोहार अशा साऱ्यांना या लिलावांत रोजी आहे. मात्र स्वस्त माल कधी कधी फार महाग पडतो.

प्रथम रीत समजून घ्यावी. संस्थेची प्रत्येक टिकाऊ वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढलेली असते. ती निकामी ठरली की समिती पाहणी करते, निर्लेखनाला मंजुरी मिळते आणि मग निविदा किंवा जाहीर लिलाव होतो. बोलीदाराला अनामत रक्कम भरावी लागते. माल "जसा आहे, जेथे आहे" या अटीवर मिळतो आणि तो ठरल्या मुदतीत उचलावा लागतो. जुन्या उत्तरपत्रिका सहसा लगदा करण्याच्या अटीवरच दिल्या जातात. त्या पुड्या बांधायला विकू नयेत.

धोका कुठे असतो, हे दिल्लीच्या प्रकरणाने दाखवून दिले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गामा किरणांचे एक यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर भंगाराबरोबर त्याचाही लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तेथे ते तोडण्यात आले. आत कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य होते. दर सव्वापाच वर्षांनी त्याची ताकद निम्मी होते. म्हणजे १९८५ मध्ये होती त्यातली जेमतेम चार टक्के उरली होती. तेवढीही जीवघेणी ठरली. एका व्यापाऱ्याने त्याचा तुकडा खिशातल्या पाकिटात ठेवला होता. एप्रिलमध्ये एक कामगार मरण पावला आणि आणखी सातजणांवर रुग्णालयात उपचार करावे लागले. अणुऊर्जा नियामक मंडळाने विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस दिली. पण गेलेला जीव नोटिशीने परत येत नाही.

यात मोठी चूक विकणाऱ्याची होती. आपल्या घरात काय आहे, हे त्याला माहीत असायला हवे होते. परंतु मार बसला तो तोडणाऱ्या हातांना. कापडाचा व्यापारी गाठ उघडून पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. भंगाराच्या धंद्यातही हाच शिरस्ता हवा.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, पाहणीच्या दिवशी स्वतः जावे आणि वस्तुवार यादी मागावी. "प्रयोगशाळेचे किरकोळ साहित्य" एवढेच लिहिले असेल तर खुलासा लेखी घ्यावा.

दोन, लाकूड, लोखंड, संगणक व प्रयोगशाळेचा माल यांचे गट वेगळे करण्याची विनंती करावी. सरमिसळ ढिगावर मोठा ठेकेदारच बोली लावू शकतो. निव्वळ लाकडाचा गट असेल, तर चार सुतार भागीदारीत तो घेऊ शकतात.

तीन, संगणक, मॉनिटर व बॅटऱ्यांना वेगळे नियम आहेत. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या संस्थांना हा माल नोंदणीकृत संस्थांकडेच सोपवावा लागतो. नोंदणी नसताना तो घेऊन तोडू नये. तांब्यासाठी तारा जाळल्या तर विषारी धूर मुलाबाळांच्या छातीत जातो, आणि बॅटरीतले शिसे रक्तात भिनते.

चार, पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसले, किंवा लहानसे यंत्र आकाराच्या मानाने फार जड लागले, तर गॅस कटर लावू नये. शिशाच्या लोभाने तर मुळीच नाही. जमिनीतील ओलावा मोजणाऱ्या काही यंत्रांतही असे द्रव्य असते. माणसे दूर करावीत, पोलिसांना आणि मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावे. "जसा आहे" या अटीने असा माल विकण्याचा परवाना कोणालाही मिळत नाही.

पाच, बिल, कराची पावती आणि गेटपास जपून ठेवावेत. उद्या विचारणा झाली तर हेच कागद कामाला येतात.

विद्यापीठांनीही केवळ जागा मोकळी होण्याकडे पाहू नये. वस्तू कोणाच्या हातात जाते आणि तो हात तिचे काय करणार, हे पाहणे निर्लेखनाचाच भाग आहे. भंगार तोडणारा पोरगा शंभर-दोनशे रुपयांच्या धातूसाठी हातोडा उचलतो. त्या धातूत काय दडले आहे, हे त्याला सांगणे आपल्या सर्वांवर आहे.