वादळ आणि विजेची वर्दी
३ मे २०१९ रोजी ‘फनी’ चक्रीवादळ ओडिशात पुरीजवळ किनाऱ्यावर आदळले आणि पुरी व भुवनेश्वर येथील वीजपुरवठा अनेक दिवस विस्कळीत झाला. अशा वेळी ग्राहकाने दिलेल्या वर्दीचे मोल मोठे असते. वाहिनीत दोष उद्भवताच उपकेंद्रातील खटका बहुधा आपोआप पडतो. परंतु गल्लीतील रोहित्राचा फ्यूज उडाला, तर ते तेथे कळतेच असे नाही. डांबरावर किंवा कोरड्या वाळूवर तार पडली, तर प्रवाह अल्प राहून खटका कधीकधी पडतच नाही आणि तार जिवंत राहते. म्हणून प्रथम तिच्यापासून स्वतः दूर व्हावे, इतरांसही दूर ठेवावे; मग १९१२ या क्रमांकावर खांबाचा क्रमांक, जवळची खूण व तारेची स्थिती कळवावी. वीज आज ना उद्या येते. गेलेला जीव येत नाही.