‘डिलिव्हरी’ : शब्द एक, जबाबदाऱ्या अनेक

रुग्णालयात दिवसभर कानी पडणाऱ्या शब्दांत ‘डिलिव्हरी’ हा शब्द अग्रभागी असतो. प्रसूतिकक्षाबाहेर ताटकळणारे नातेवाईक “डिलिव्हरी झाली का?” असे विचारतात आणि औषध भांडारातून पुरवठादारालाही दूरध्वनीवर हाच प्रश्न विचारला जातो. या दोन अर्थांतील अंतर आपणांसमोर मांडावे, असे आम्हांस वाटते.

माल विक्री अधिनियम, १९३० नुसार एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे स्वेच्छेने ताबा जाणे म्हणजे डिलिव्हरी. सलाईनचे खोके आले, चलनाशी ताडून पाहिले, मुदत तपासली व सही-शिक्का झाला की व्यवहार बहुतांशी पूर्ण होतो. प्रसूतीच्या बाबतीत मात्र बाळ आजीच्या हाती दिले म्हणजे आमचे काम संपले, असे होत नाही.

या इंग्रजी शब्दाचे मूळ ‘मुक्त करणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. योगायोग असा की, आपल्याकडेही “बाई मोकळी झाली”, “सुखरूप सुटका झाली” असेच म्हणतात. परंतु वैद्यकीय दृष्ट्या ही सुटका एका क्षणात होत नाही. बाळानंतर वार पूर्ण पडावी लागते, गर्भाशय आकुंचन पावावे लागते. पहिल्या २४ तासांत अतिरक्तस्रावाचा धोका मोठा असतो. म्हणून परिचारिका वारंवार नाडी, रक्तदाब व रक्तस्राव पाहतात. पुढेही जंतुसंसर्ग व रक्तदाबवाढ यांची भीती असते. प्रसूतीनंतरचे ४२ दिवस मातेच्या दृष्टीने जोखमीचे मानले जातात. आपल्या घरांतील सव्वा महिन्याच्या विश्रांतीची रीत याच्या बरीच जवळ आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात आरोग्यसंस्थांतील प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील ३८.७ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. भगिनी रुग्णालयापर्यंत पोहोचू लागल्या. त्यांना पुरेसा काळ येथे ठेवणे ही आता आमची कसोटी आहे. बुडणारी मजुरी, घरची लहान मुले आणि बिलाची धास्ती यांमुळे अनेक माता दुसऱ्याच दिवशी घरी जाऊ देण्याची विनंती करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यापलीकडील गरजू मातांसाठी आपल्या देणग्यांचाच आधार असतो. आपल्या देणगीतून एखाद्या मातेस आणखी एक रात्र परिचारिकेच्या नजरेखाली काढता येते.

नातेवाईकांस आमची नम्र विनंती आहे की, डॉक्टरांच्या संमतीवाचून मातेस घरी नेण्याची घाई करू नये. घरी गेल्यावर अतिरक्तस्राव, ताप, तीव्र डोकेदुखी किंवा झटके आढळल्यास तिला तत्काळ रुग्णालयात आणावे.

भांडारातील डिलिव्हरी सहीने पूर्ण होते. प्रसूतिकक्षातील डिलिव्हरी माता व बालक दोघेही सुखरूप राहतील तेव्हाच पूर्ण झाली, असे आम्ही मानतो.