डबीवर नाव नसेल तर ती चेहऱ्याला लावू नका

गेल्या हिवाळ्यात नगरच्या मुकुंदनगरमध्ये आमच्या नात्यातल्या एका घरी निकाहची तयारी चालली होती. कापड बाजारातून आणलेले कपडे पलंगावर मांडले होते आणि उशाशी एक छोटी पांढरी डबी होती. नवरी रोज रात्री त्यातले क्रीम लावून झोपत होती. "खाला, आठ दिवसांत रंग किती उजळला बघा," ती आनंदाने म्हणाली. आम्ही डबी उलटसुलट करून पाहिली. वर गुलाबाचे चित्र होते. पण कंपनीचे नाव, पत्ता, तारीख, आत काय घातले आहे त्याची यादी, यांतले काहीच नव्हते. "कुठून आणलीस?" आम्ही विचारले. "पार्लरवाल्या ताईंकडून. सगळ्याच घेतात."

त्या डबीत नेमके काय होते, हे आम्हांला सांगता येणार नाही. पण अशाच एका क्रीमने अकोल्यातल्या एका कुटुंबाचे काय झाले, ते सांगता येईल.

ही बातमी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. विशीतली एक विद्यार्थिनी, तिची आई आणि तिची बहीण, अशा तिघींच्या मूत्रपिंडांना एकाच सुमारास सूज आली. एका घरातल्या तिघींना एकच आजार कसा, हा प्रश्न मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांना पडला. शोध घेता घेता गाडी त्यांच्या रोजच्या वापरातल्या क्रीमवर आली. मुलीने ते गावातल्या एका ब्युटिशियनकडून घेतले होते. लावल्यावर चेहरा उजळला, लोकांनी कौतुक केले, म्हणून आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. क्रीमची तपासणी झाली, तेव्हा त्यात पारा सापडला.

ही एकट्या अकोल्याची गोष्ट नाही. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरे होण्याचे क्रीम लावत असल्याचे सांगितले. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला.

पारा क्रीममध्ये घालतात, कारण तो लवकर परिणाम दाखवतो. आपल्या त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याची क्रियाच तो अडवतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा फिका दिसू लागतो. पण तो कातडीवर थांबत नाही. रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांत साठतो. मग लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती सूज येणे, पाय सुजणे ही लक्षणे दिसू लागतात. टॉवेल, उशी आणि हातांवाटे तो घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोचू शकतो. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालताच येत नाही. चुकून आलेला अंशही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नावच नाही, तिला हा नियम कोण लावणार?

एक खूण लक्षात ठेवा. पारा असलेल्या काही क्रीमवर 'सोने, चांदी, ॲल्युमिनियम, दागिने यांच्या संपर्कात आणू नये' अशी सूचना असते, कारण पारा धातूंना धरतो. मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी ही सगळी पाऱ्याचीच नावे आहेत.

दुसरा धोका औषधाच्या दुकानातून येतो आणि त्याच्या ट्यूबवर नाव-पत्ता सगळे असते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडे आहेत. एक्झिमासारख्या विकारांत डॉक्टर ती मोजक्या दिवसांसाठी देतात आणि तिथे ती गुणकारीच आहेत. पण शेजारणीने सांगितले म्हणून तीच ट्यूब गोरे होण्यासाठी महिनोन्‌महिने लावली जाते. सुरुवातीला चेहरा नितळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमे येतात, गालावर केस वाढतात आणि उन्हात आग होते. लावणे थांबवले की चेहरा आणखी लाल होतो, म्हणून बाई घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणते. तरुण दिसण्यासाठी लावलेले औषध कातडी म्हातारी करून जाते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड क्रीमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. तरीही काउंटरवर नुसते नाव सांगून ट्यूब मिळते, हे आपण सगळेच पाहतो. कुणी अशी ट्यूब बरेच दिवस लावत असेल, तर ती एकदम न सोडता त्वचारोगतज्ज्ञांना विचारून कमी करावी.

मग त्वचा तरुण राहावी म्हणून करायचे तरी काय? आधी हे पाहू की चेहरा म्हातारा कशाने होतो. वय तर आहेच, पण सुरकुत्या, काळे डाग आणि रापलेपणा यांत फार मोठा वाटा उन्हाचा असतो. आपला जिल्हा पर्जन्यछायेचा, वर्षातले बरेच महिने कोरडे आणि लख्ख उन्हाचे. पाथर्डीकडची ऊसतोड करणारी बाई आणि शहरात घरात राहणारी तिची सख्खी बहीण यांच्या वयात दोन वर्षांचे अंतर असले, तरी चेहऱ्यांत दहा वर्षांचे दिसते. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर गावी ५५ वर्षांखालील ९०३ जणांवर साडेचार वर्षे अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचा वयस्क होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी होते.

म्हणून पहिला मान सनस्क्रीनचा. एसपीएफ ३० किंवा जास्त आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेले घ्यावे. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके लागते. टिकलीएवढे लावून उपयोग नाही. दर दोन-तीन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. नमाजी घरात याची आठवण ठेवणे सोपे आहे. सकाळी बाहेर पडताना एकदा आणि जोहरच्या वुजूनंतर चेहरा कोरडा झाला की पुन्हा एकदा. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी ओढणी, स्कार्फ, छत्री सोडू नये. शेतात जाणाऱ्या आयाबहिणी डोक्यावरून पदर ओढतात, त्यामागे शहाणपण आहे.

दुसरा मान ओलाव्याचा. दिवसातून पाच वेळा वुजू केल्यावर, त्यातही हिवाळ्यात, कातडी ताणल्यासारखी होते. चेहरा टिपून घ्यावा आणि किंचित ओला असतानाच मॉइश्चरायझर लावावे. ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतात. पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही. ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली तर स्वस्तही आहेत.

तिसऱ्या जागी रेटिनॉल, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचा प्रकार. बारीक सुरकुत्यांवर चांगला पुरावा असलेल्या मोजक्या घटकांत हा गट येतो. तो रात्री, वाटाण्याएवढा, आठवड्यातून दोन वेळा अशा बेताने सुरू करावा. गर्भवती किंवा गर्भाची आशा असलेल्या बहिणींनी मात्र रेटिनॉलला हातही लावू नये. नियासिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. ते सौम्य असते आणि डागांना थोडा उतार देते. कोलॅजेनच्या क्रीमवर मात्र पैसे घालवू नका. कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो कातडीच्या आत शिरतच नाही, वरवर मऊपणा देतो एवढेच.

घरगुती म्हणून सगळेच निर्धोक, असेही नाही. श्रीगोंद्याचे लिंबू सरबताला उत्तम, पण चेहऱ्यावर चोळून उन्हात गेल्यास कातडी भाजून काळे चट्टे उठू शकतात. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला चालते. कोरड्या चेहऱ्याला ती आणखी कोरडे करते.

लेबल वाचताना आपल्या घरांत अडते ते 'अल्कोहोल' या शब्दावर. सिटाइल, स्टिअरिल, सिटिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे घट्ट, स्निग्ध पदार्थ आहेत. ते दारूतले अल्कोहोल नव्हे. नुसते 'अल्कोहोल' किंवा 'अल्कोहोल डिनॅट' लिहिले असेल तर ते इथेनॉल, आणि ते कातडीही कोरडी करते. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड वनस्पतीपासूनही बनते, प्राण्यांच्या चरबीपासूनही. शंका असेल तर हलाल प्रमाणपत्राची खूण पाहावी. यादीत जो घटक जास्त तो आधी लिहिलेला असतो, हेही ध्यानात असू द्या.

राहिली गोष्ट रंगाची. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या देशातल्या सर्वांत प्रसिद्ध गोऱ्या रंगाच्या क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातला 'फेअर' शब्द काढून टाकला. आपल्या घरांतून तो निघाला आहे का? मुलगी पाहायला आलेली माणसे पहिले वाक्य रंगावर बोलतात आणि ते वाक्य ऐकून मुलगी ती पांढरी डबी शोधत जाते. डबी फेकणे सोपे आहे. ते वाक्य बंद करणे आपल्या, थोरांच्या हातात आहे.

त्या घरी आम्ही फार बोललो नाही. अकोल्याची गोष्ट सांगितली आणि लघवीची तपासणी करून घ्यायला सांगितले. तिची अम्मी आधी रागावली, म्हणाली, "निकाहच्या तोंडावर दवाखाना कशाला?" मग तीच मुलीला घेऊन गेली. अल्हम्दुलिल्लाह, तपासणी चांगली आली. क्रीम बंद झाल्यावर चेहरा थोडा सावळला, आपल्या मूळ रंगावर आला. निकाहच्या दिवशी तो तसाच होता आणि कुणाचे त्यावाचून काही अडले नाही.